सरजाबाईची न्हाणी

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये मी झरीच्या शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाले. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आमचे हे जिंतूरला कचेरीत होते आणि शनिवारच्या एसटीनं यायचे. मी एक खोली भाड्यानं घेतली. तिच्या मागच्या भिंतीला लागून सरजाबाईचं परसू होतं.

सरजाबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असेल. उंच, हाडापेरानं मजबूत, चालायला लागली की बरोबरच्या बाईला पळावं लागायचं. नवरा सटवाजी शांत माणूस. चार एकर कोरडवाहू जमीन होती, त्यात ज्वारी, तूर आणि थोडा कापूस. सरजाबाईची तीन लेकरं लहानपणीच गेली होती. राहिली ती एक पंचफुला. तिचं लग्न पालमच्या पुढं गोदावरीकाठच्या एका गावात झालं होतं. मी आले त्या साली पंचफुला पंचमीला माहेरी आली, तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. सतरा-अठरा वर्षांची पोरगी, चौथीपर्यंत शिकलेली. माझ्या खोलीत येऊन पुस्तकं चाळायची आणि चित्रं बघून हसायची. तिला हसायला फार काही लागत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात पंचफुलाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात सरजाबाई तिला आणायला गेली. पंचफुलाची सासू सुलाबाई म्हणाली की घरातली सगळी माणसं खडी फोडायला जातात, मागं स्वयंपाकाला कोणी नाही, आठवा लागला की धाडू. आठवा लागला, नववाही लागला. सरजाबाई पुन्हा निघणार तेवढ्यात निरोप आला की पंचफुला बाळंत झाली, पोरगा होता, मेलेला निघाला. तीन दिवस ती अडली होती. गावच्या सुईणीनं जमेल ते केलं होतं. हा निरोप बारा दिवस जुना होता.

सरजाबाई तशीच गेली, पण लेक उठायच्या स्थितीत नव्हती. चार दिवस राहून ती परत आली. अंथरूण ओलं व्हायचं ते ओल्या बाळंतपणामुळंच, असं तिला तेव्हा वाटलं. त्यानंतर दोन महिन्यांनी एका दुपारी पंचफुलाचा नवरा भुजंग तिला घेऊन आला. मी शाळेतून परत येत होते. पंचफुला दोन्ही हातांनी लुगडं आवळून भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. भुजंग तिच्यापुढं वीस पावलं होता. त्यानं गाठोडं ओट्यावर ठेवलं. सरजाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

"मामी, बरं झालं की कळवा," एवढं म्हणून तो एसटी गाठायला निघून गेला.

काय झालंय ते पंचफुलानं आईला लगेच सांगितलं नाही. दोन दिवस ती गोठ्याच्या बाजूला पोत्यावर झोपली. तिसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीमागं सरजाबाईला एक मडकं सापडलं. त्यात ओल्या फडक्यांचे बोळे कोंबले होते, काहींना काळी बुरशी आली होती. पंचफुला ती फडकी अंधारात खंगाळायची, गंजीमागं घालायची आणि ओली-दमटच पुन्हा वापरायची. सरजाबाईनं तिला घरात नेऊन लुगडं सोडायला लावलं. लघवी सतत गळत होती. बाळंतपणापासून एक क्षणही थांबली नव्हती. मांड्यांची कातडी सोलून लाल मांस दिसत होतं. ते बघून सरजाबाई खाली बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही, असं सटवाजीनं मला पुढं कधीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती गावातल्या नर्सबाईंकडं गेली. त्यांचं नाव कमलबाई. नांदेडकडच्या, बौद्ध, ठेंगण्या आणि कमी बोलणाऱ्या. गावात येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. आमच्या गल्लीत बायका त्यांच्याकडून सुई टोचून घेत, पण त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत. सरजाबाईही त्यातलीच एक. कमलबाई आल्या आणि नेहमीप्रमाणे ओट्याखाली थांबल्या. सरजाबाईनं त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं. तोवर पंचफुलाच्या जवळ येताना प्रत्येक माणसाचं नाक मुरडलेलं असायचं. कमलबाई तिच्याशेजारी पोत्यावरच बसल्या, तिला तपासलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. पंचफुला त्यांच्या मांडीवर डोकं टेकून रडली.

कमलबाईंनी सांगितलं की मूल अडून राहिल्यानं लघवीच्या पिशवीला भोक पडलंय. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात ते शिवतात. पण आधी ही कातडी भरून यायला हवी, अंगात रक्त यायला हवं, त्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. मग त्यांनी पंचफुलाला विचारलं, पाणी किती पितेस. ती म्हणाली, सकाळी एक घोट आणि जेवताना एक घोट. कमी प्यालं की कमी गळतं असं तिचं म्हणणं.

"पाणी तोडू नको," कमलबाई म्हणाल्या. "कमी प्यालीस की लघवी तेज होते आणि कातडं जाळते. पोटभर पी. आणि जे ओलं होईल ते निथळून, उन्हात कडक वाळल्याशिवाय अंगाला लागू द्यायचं नाही. फडकं, टॉवेल, पाट, सगळं."

त्या साली आमच्या गावात पिण्याच्या पाण्याची मारामार होती. विहिरींचे तळ दिसत होते. सरजाबाई पहाटे दुसऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीवर जायची, तळाच्या झऱ्यातून वाटीनं पाणी जमा करायची आणि दोन घागरी घेऊन यायची. त्यातली एक घागर पंचफुलाची. सटवाजी दोन-दोन दिवस आंघोळ करत नसे.

परसात आंघोळीला जागा अशी नव्हती. बाज उभी करायची, तिच्यावर लुगडं टाकायचं आणि आडोशाला बसायचं. सटवाजीनं आठ दिवसांत तिथं न्हाणी बांधली. तीन बाजूंनी कापसाच्या पळाट्यांचा कूड, खाली शहाबादी फरशीचा एक तुकडा. पहिल्यांदा फरशी सपाट बसली आणि पाणी कोपऱ्यात साचायला लागलं. त्यानं ती उपसून एका अंगाला बोटभर उतार देऊन पुन्हा बसवली. उताराच्या टोकाला खड्डा करून त्यात खडी भरली. वर छप्पर घातलं नाही, कारण सरजाबाईला तिथं दिवसभर ऊन यायला हवं होतं.

आता मी जे सांगते ते मी माझ्या डोळ्यांनी रोज पाहिलं आहे. पंचफुलाची सोळा फडकी होती, सटवाजीच्या जुन्या धोतराची. सरजाबाई ती सोडा टाकून उकळायची, मग धुवायची. पिळलेली फडकी ती लगेच दोरीवर टाकत नसे. एकावर एक पडली तर मधलं दमट राहतं हे तिच्या लक्षात आलं होतं. म्हणून सटवाजीनं एक मांडणी केली. आधी तुराट्यांची केली, ती महिन्याभरात कुजली. मग बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या आणि बोटभर फट ठेवून बांधल्या. त्या मांडणीवर फडकी आधी निथळायची. पाणी गळायचं थांबलं की मग बाहेर तारेवर, एक एक सुटं, दोन्ही टोकं ताणून.

साबणाची लाल वडी फरशीवर ठेवली की दोन दिवसांत लगदा व्हायची. सटवाजीनं फुटक्या रांजणाच्या खापरीला खिळ्यानं भोकं पाडली आणि ती मांडणीवर ठेवली. वडी तिच्यावर कोरडी राहायला लागली. तांब्या पालथा, पण जमिनीवर नाही, कामट्यांवर, म्हणजे आतली वाफ निघून जाते. बादली भिंतीला कलती, तोंड खाली. बसायचा पाट वापरून झाला की धुऊन कडेवर उभा. घोसाळ्याची घासणी खिळ्याला टांगलेली. कमलबाईंनी अंथरायला रबरी कापड दिलं होतं. एकदा ते ओलं असताना घडी करून ठेवलं आणि चिकटून त्याचा तुकडा निघाला. त्यानंतर सरजाबाई ते दोन काठ्यांवर पसरून टाकायची आणि दोन्ही बाजू वाळल्या का ते हात फिरवून बघायची. फडकं वाळलं का हे मात्र ती हातानं बघत नसे. गालाला लावायची. हात राबून घट्ट झालेला, त्याला ओल कळत नाही असं ती म्हणायची.

तार कुठं बांधायची यावरून मायलेकींचं पहिल्यांदा भांडण झालं. पंचफुलाला ती गोठ्यामागं हवी होती. तिथं सकाळचं तासभर ऊन यायचं. सरजाबाईनं ती परसाच्या पुढच्या अंगाला, रस्त्यावरून दिसेल अशी बांधली.

"माय, लोकं बगतेत," पंचफुला म्हणाली.

"बगू दे. लपवून वाळवलं म्हणून तुह्या मांड्या सडल्या. समद्या गावानं बगितलं तरी चालंल, पर ऊन लागलंच पाहिजे."

गावानं बघितलंच. शेजारच्या दोघी-तिघी येऊन सांगून गेल्या की जाणाऱ्या-येणाऱ्याला शोभत नाही. देवळाकडं जायची वाट तिथूनच होती. सरजाबाईनं त्यांना ऐकून घेतलं, ओट्यावर बसायला सांगितलं आणि तार तिथंच ठेवली. त्यातल्या एकीनं पुढं तिच्याकडं येणं बंद केलं. सरजाबाई त्या बाईच्या लेकीच्या लग्नालाही गेली नाही, बोलावणं आलं नव्हतं.

पावसाळ्यात खरी पंचाईत झाली. दुष्काळानंतर पहिल्यांदा पाऊस बरा पडला, सगळा गाव खुशीत होता आणि सरजाबाईच्या घरात एक फडकं वाळेना. तिनं चुलीतले निखारे शेगडीत काढून वर टोपलं पालथं घातलं आणि टोपल्यावर फडकी पसरली. दर थोड्या वेळानं ती उलटवत बसावी लागायची. नाहीतर जळायची. ती उठून गेली की सटवाजी तिच्या जागेवर बसायचा. घरातली माणसं इतके दिवस एका लेकीच्या फडक्यांभोवती बसलेली मी दुसरीकडं पाहिली नाहीत. पंचफुला ते बघायची आणि तोंड फिरवायची.

पण कातडी भरून आली. चट्टे गेले, मांड्यांवर नवी गुलाबी कातडी आली. ती पोटभर पाणी प्यायला लागली, जेवायला लागली. दिवाळीच्या आधी एकदा ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही, दारातूनच म्हणाली की वाचायला काहीतरी द्या. मी शाळेतलं एक पुस्तक दिलं. ते परत करताना तिनं ते नव्या कागदात गुंडाळून दिलं होतं.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर सरजाबाई तिला घेऊन परभणीहून रेल्वेनं औरंगाबादला गेली. कमलबाईंनी चिठ्ठी दिली होती आणि त्या स्वतः परभणीच्या स्टेशनापर्यंत गेल्या. डब्यात पंचफुला बसली नाही. दाराजवळ उभी राहिली, सहा-सात तास.

दवाखान्यात पहिलं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस लघवीची नळी होती. नळी काढली तेव्हा गळणं पुष्कळ कमी झालं होतं, पण थांबलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अर्धं भोक भरलं, चार महिन्यांनी या, पुन्हा शिवू. मायलेकी परत आल्या आणि न्हाणीचं सगळं पुन्हा सुरू झालं. त्या चार महिन्यांत पंचफुला जवळजवळ बोललीच नाही. सरजाबाई मला म्हणाली होती की पहिल्या वर्षापेक्षा हे चार महिने जड गेले, कारण आता पोरीनं आशा धरली होती.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुसरं ऑपरेशन झालं. नळी काढल्यानंतरची हकीकत सरजाबाईनं मला इतक्यांदा सांगितली की मी तिथं होते असं मला वाटतं. नळी काढून नर्स गेली. पंचफुला खाटेवर ताठ बसून राहिली, हलेना. तासभर झाला. मग ती हळूच उठली आणि मागं वळून चादरीकडं बघितलं. चादर कोरडी होती. तिनं हात फिरवला. मग वाकून तिनं चादरीला गाल लावला.

"माय, तू लावून बघ," ती म्हणाली.

सरजाबाईनं गाल लावला. दोघी खाटेच्या दोन्ही अंगांनी तशाच वाकून राहिल्या. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, ह्या दोघी काय करायल्यात.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सरजाबाईला समोर बसवून सांगितलं की हिला पुढं दिवस गेले तर बाळंतपण घरी होऊ द्यायचं नाही. कळा यायच्या आधी मोठ्या दवाखान्यात आणायचं, पोट उघडूनच मूल काढावं लागेल. घरी अडली तर शिवलेलं फाटेल, नाहीतर ती जगणार नाही. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. सरजाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद कमलबाईंकडून वाचून घेतला, मग माझ्याकडून, मग पंचफुलाकडून.

त्यानंतरचं वर्ष त्या घरात चांगलं गेलं. पंचफुला शेतात जायला लागली, बाजाराला जायला लागली, माझ्या खोलीत येऊन जमिनीवर फतकल मारून बसायला लागली. कोणत्याही चटईवर बसून उठली की मागं वळून बघायची सवय मात्र तिची गेली नाही.

पंचाहत्तरच्या पाडव्यानंतर भुजंग आला. बायको बरी झाल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं दुसरं लग्न केलं नव्हतं. आईनं दोन पोरी बघितल्या होत्या, पण कुठं जमलं नव्हतं. या वेळी तो पाणी प्याला. जेवलाही. पंचफुलासाठी त्यानं हिरवं लुगडं आणलं होतं.

सरजाबाईला लेक पाठवायची नव्हती. ती मला स्पष्ट म्हणाली की जो माणूस माझ्या पोरीच्या पुढं वीस पावलं चालला, त्याच्या मागं तिला कशाला लावू. पण पंचफुलाला जायचं होतं. ती तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची होती. तिला घर हवं होतं, मूल हवं होतं. सटवाजी म्हणाला की ते तिचं घर आहे, तिला विचार. सरजाबाईनं विचारलं.

"जाते, माय," ती म्हणाली. "आता मह्यात काय खोट हाय?"

 निघायच्या दिवशी तिनं भुजंगला ओट्यावर बसवलं आणि मला बोलावून कागद मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला. भुजंग खाली बघून ऐकत होता. वाचून झाल्यावर सरजाबाईनं त्याला विचारलं, कळलं का. तो म्हणाला, "कळलं, मामी. तुमी घोर करू नका, जिम्मा माझा." त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.

शहात्तरच्या सुरुवातीला पंचफुलाचं पत्र आलं. तिच्याच अक्षरात, पाचवा महिना लागलाय म्हणून. मी ते वाचून दाखवलं तेव्हा सरजाबाईच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. सातवा लागताच ती निघाली. कमलबाईंची औरंगाबादच्या दवाखान्यासाठीची चिठ्ठी तिच्या कमरेच्या पिशवीत होती.

सुलाबाईनं तिला चांगलं वागवलं. पुरणपोळी केली. पण लेकीला न्यायची गोष्ट काढली तेव्हा म्हणाली की इहीणबाई, मागच्या खेपेला लोकांनी आमच्या तोंडात शेण घातलं, आजारी सून माहेरी टाकली म्हणून. या खेपेला माझ्या डोळ्यांसमोर होऊ द्या. वेळ आली की जीप करू आणि नांदेडला नेऊ, औरंगाबादच कशाला. सरजाबाईनं पुष्कळ समजावलं की वेळ येईपर्यंत थांबायचंच नाहीये, आधीच न्यायचंय. भुजंग आईसमोर बोलला नाही. शेवटी पंचफुला तिला बाजूला घेऊन म्हणाली, "माय, भांडून नेऊ नको मला. आठव्यात ये, मी आपल्या पायानं निघते."

सरजाबाई एकटी परत आली. एसटीतून उतरली तेव्हा मी शाळेच्या दारात होते. तिनं मला बघितलं आणि मान हलवली.

आठव्यात न्यायचं ठरलं होतं, पण आठवा लागून चार दिवस झाले नाहीत तोच कळा आल्या. सुलाबाई म्हणाली, दिवस भरले नाहीत, खोट्या कळा असतील, बघू. दुसऱ्या दिवशी सुईण आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी भुजंगनं बैलगाडी जुंपली आणि तिला पालमला आणलं. तिथून जीप मिळेपर्यंत दुपार झाली. नांदेडच्या वाटेवर पंचफुला गेली. मूल पोटातच राहिलं.

झरीला निरोप आला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. सरजाबाई आणि सटवाजी पोचले ते राख सावडायला.  भुजंग तिच्या पायावर पडला आणि म्हणाला की आई दोन दिवस थांब म्हणाली, मी थांबलो. सरजाबाईनं पाय मागं घेतले. सटवाजीनं त्याला उठवलं.

परत आल्यावर महिनाभर ती घराबाहेर दिसली नाही. कमलबाई रोज यायच्या आणि तिच्याजवळ बसून जायच्या. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. कमलबाई तिला समजावत होत्या की तुम्ही कमी केलं नाही, एवढं कोणी करत नाही.  सरजाबाई म्हणाली, "मीच तिला कोरडी केली आन् त्येन्च्या हवाली केली. गळत राहिली असती तर आज मह्यापशी असती."

 कमलबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

पुढच्या वर्षी कमलबाईंची बदली झाली. सटवाजीनं शेत अर्ध्या वाट्यानं, अर्धलीनं लावलं. सरजाबाई पुन्हा कामाला लागली, बाजारहाट करायला लागली. गल्लीतली जी बाई बोलायची बंद झाली होती ती पुन्हा येऊन बसायला लागली. सरजाबाई तिच्याशी पूर्वीसारखीच बोलायची. भुजंगनं वर्षभरात दुसरं लग्न केलं. ती बातमी तिला एसटी स्टँडवर कळली. तिनं ऐकलं आणि भाजीची पिशवी उचलून घरी आली. कोणाची पोर बाळंतपणाला आली की मात्र ती त्या घरी जायची नाही. बारशाला तर कधीच नाही. बायकांनाही ते समजलं होतं, त्या बोलवत नसत.

एकोणऐंशी साली माझी जिंतूरला बदली झाली. सामान आदल्या दिवशी ट्रकनं गेलं होतं. सकाळी सरजाबाई मला पोचवायला स्टँडवर आली. एसटीला उशीर होता, आम्ही बाकावर बसलो. मला एक गोष्ट तिला सांगायची होती, जी मी इथंही आतापर्यंत सांगितलेली नाही. ज्या काळात पंचफुला गळत होती त्या काळात मी माझ्या खोलीची मागची खिडकी लावून घ्यायचे. जेवताना तर नक्कीच. उन्हाळ्यात खोली तापायची तरी उघडत नसे. पंचफुला दारात थांबायची, आत यायची नाही, ते तिला माझ्या खिडकीचं कळलं होतं म्हणून, असं मला नंतर वाटायला लागलं होतं. ते मी सरजाबाईला सांगितलं आणि माफी मागितली.

ती रस्त्याकडं बघत होती.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "कडी लागल्याचा आवाज परसात यायचा." मग म्हणाली, "वास मला बी यायचा, बाई. पयल्या दिसापासून यायचा. तिच्यापशी जाताना मी दम रोखून जायचे. तिला ते कळायचं का न्हाई, हे आता कुणाला इचारू?"

एसटी आली. तिनं माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि गाडी हलेपर्यंत गजाला हात लावून उभी राहिली.